पूर्णेकाठचा खारपाणपट्टा : अकोला ते नांदुरा

उत्तरेला सातपुड्यातील गाविलगडचे डोंगर, दक्षिणेला अजिंठ्याची रांग आणि या दोहोंमधल्या खोलगट भागात पश्चिमेकडे वाहत जाणारी पूर्णा, असा हा वऱ्हाडचा मधला पट्टा आहे. बैतूल जिल्ह्यात उगम पावून ही नदी अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्हे ओलांडते आणि जळगाव जिल्ह्यात चांगदेवजवळ तापीला मिळते. तिच्या दोन्ही काठांवर सुमारे ४,७०० चौरस किलोमीटर जमीन अशी आहे, की तिच्याखाली पाणी आहे, पण ते ना पिण्याचे ना पिकाचे. या भागाला सगळे खारपाणपट्टा म्हणतात. पत्नीचे माहेर दर्यापूर तालुक्यात असल्यामुळे लग्नकार्यांच्या निमित्ताने हा मुलूख मी बसच्या खिडकीतून पुष्कळदा पाहिला होता. या डिसेंबरात मात्र केवळ ही जमीन पाहण्यासाठी आम्ही दोघे नाशिकहून निघालो.

गुरुवार : अकोला

रात्रीच्या गाडीने सकाळी अकोल्यात उतरलो आणि सामान टाकून थेट डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या आवारात गेलो. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाचा विस्तार एवढा मोठा आहे, की पायी फिरण्याचा विचार पहिल्या अर्ध्या तासातच सोडून द्यावा लागतो. मृदाशास्त्र शिकवणारे एक निवृत्त प्राध्यापक पत्नीच्या नात्यातले असल्यामुळे ते मुद्दाम आले होते, आणि पुढच्या सगळ्या प्रवासात जे दिसले त्याचा अर्थ लागला तो त्यांनी तिथे दाखवलेल्या एका अगदी साध्या प्रयोगामुळे.

त्यांनी काचेचे दोन पेले घेतले, दोहोंत पावसाचे साठवलेले पाणी ओतले आणि प्रत्येकात मातीचे सुपारीएवढे वाळलेले ढेकूळ अलगद सोडले. पहिले ढेकूळ डोंगरपायथ्याच्या काळ्या जमिनीतले होते. ते फुटले, त्याचे बारीक तुकडे तळाशी बसले आणि वरचे पाणी नितळ राहिले. दुसरे पूर्णाकाठच्या शेतातले होते. त्याच्याभोवती आधी दुधट कडे उमटले, मग ते कडे पसरत गेले आणि आमचा चहा होईपर्यंत सगळा पेला गढूळ झाला. तो गढूळपणा दुपारपर्यंत खाली बसला नाही.

या दुसऱ्या मातीला आपल्याकडे चोपण म्हणतात. खारपड आणि चोपण या दोन गोष्टी शेतकरीही अनेकदा एकत्र बोलतात, परंतु त्या वेगळ्या आहेत. खारपड जमिनीत विरघळणारे क्षार जास्त असतात, तिची विद्युतवाहकता ४ डेसिसायमन प्रतिमीटरच्या वर जाते आणि उन्हाळ्यात वर पांढरा थर येतो. चोपण जमिनीत क्षार फार असतीलच असे नाही. तिथे चिकणमातीच्या कणांना कॅल्शियमऐवजी सोडियम चिकटलेले असते आणि सामू, म्हणजे पीएच, ८.५ च्या वर चढतो. पुस्तकी व्याख्येप्रमाणे विनिमयक्षम, म्हणजे कणांना असे चिकटलेले, सोडियम शेकडा १५ पेक्षा जास्त झाले, की जमीन चोपण ठरते. पूर्णा खोऱ्यातील माती मात्र इतकी भारी आणि फुगणारी आहे, की सोडियम शेकडा ५ च्या आसपास पोहोचले तरी तिच्यातून पाणी खाली उतरणे मंदावते. कॅल्शियम मातीचे कण एकमेकांना धरून ठेवतो, सोडियम त्यांना सुटे करतो, आणि सुटे झालेले कण मातीतली बारीक छिद्रे बुजवून टाकतात. पेल्यात जे गढूळ दिसले तेच शेतात पावसाळाभर घडत असते.

हे सोडियम आले कुठून, या प्रश्नावर प्राध्यापकांनी जे सांगितले ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. नीरा किंवा कृष्णेच्या कालव्यांखालच्या जमिनी माणसाने जादा पाणी देऊन बिघडवल्या, तशी ही गोष्ट नाही. दोन्ही बाजूंच्या डोंगरांतील बेसाल्ट झिजून आलेला गाळ या खोलगट भागात शेकडो मीटर साठला. पाऊस सरासरी साडेसातशे-आठशे मिलिमीटर, तोही चार महिन्यांत, आणि उरलेले आठ महिने ऊन. अशा कोरड्या हवेत मातीतील कॅल्शियमचा चुना होऊन तो खड्यांच्या रूपाने खाली बसतो आणि कणांवर सोडियमला मोकळे रान मिळते. म्हणजे कुणी काही न करताही, केवळ हवामानामुळे, ही जमीन खालून वर हळूहळू चोपण होत आली आहे. वरचा वीतभर थर बरा असतो, खरा दोष दोन-तीन फुटांखाली असतो. त्यामुळे पांढऱ्या क्षाराचा थर शोधत येणाऱ्याला इथे फारसे काही दिसत नाही; जमीन काळीभोर आणि दिसायला सुपीकच असते.

उत्तर प्रदेश, हरियाणा आणि पंजाबातील उसर, म्हणजे चोपणच, जमिनी जिप्सम हे कॅल्शियमयुक्त खनिज टाकून आणि त्यावर भात घेऊन लाखो हेक्टरांवर सुधारल्या गेल्या. कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेचे ते मोठे काम आहे. मग तीच रीत इथे का नाही, असे मी विचारले. उत्तर सरळ होते. तिथे सुटलेले सोडियम धुऊन खाली न्यायला कूपनलिकेचे गोडे पाणी हाताशी होते. इथे कूपनलिका घेतली तर तिच्यातूनच सोडियम येते. धुण्यासाठी पावसाशिवाय दुसरे पाणी नाही.

ज्यांना विद्यापीठ पाहायचे असेल त्यांनी शक्यतो पंजाबराव देशमुखांच्या जयंतीच्या, म्हणजे २७ डिसेंबरच्या सुमारास यावे. त्या दिवसांत आवारात कृषी प्रदर्शन भरते आणि एरवी बंद असलेली बरीच दारे उघडी असतात. पेल्याचा प्रयोग घरी करायचा असेल तर नळाचे किंवा विहिरीचे पाणी वापरू नये, कारण त्यातील क्षारांमुळे चोपण मातीही फसवी शहाणी वागते. पावसाचे किंवा बॅटरीत घालायचे शुद्ध पाणी घ्यावे, ढेकूळ पूर्ण वाळलेले असावे आणि पेला हलवू नये.

शुक्रवार : गांधीग्राम आणि दहीहंडा

अकोल्याहून अकोटच्या रस्त्याने अठराएक किलोमीटरवर गांधीग्राम लागते. अकोलेकरांना हे गाव श्रावणामुळे ठाऊक असते. शेवटच्या श्रावणी सोमवारी हजारो शिवभक्त येथून पूर्णेचे पाणी कावडींत भरून रात्रभर पायी चालत अकोल्याच्या राजराजेश्वराला नेतात. नदीकाठी नारळ विकणाऱ्या बाईंना मी विचारले, की कावड नसताना हे पाणी कुणी नेते का. त्या म्हणाल्या, “भाऊ, पावसाळ्यात नदी गोड, हीर खारी. उन्हाळ्यात नदीबी हिरीवानी होते.” पावसाळा संपला, की नदीला जे पाणी मिळते ते काठांतून पाझरणारे भूजल असते, हे जलशास्त्राचे तत्त्व त्यांनी एका दमात सांगून टाकले.

पुलापासून थोडे बाजूला काठाकाठाने चालत गेलो आणि जमिनीची खरी नासाडी कशी असते ते तिथे पाहिले. सपाट वाटणारे शेत काठाजवळ येता येता अचानक तुटते आणि पुढे आठ-दहा पुरुष खोल घळींचे जाळे पसरलेले दिसते. ही घळ पावसाच्या लोंढ्याने वरून कापली गेली असेल असे वाटते, पण इथे सुरुवात बऱ्याचदा आतून होते. उन्हाळ्यात पडलेल्या भेगेतून पहिल्या पावसाचे पाणी खाली शिरते, खालचा सोडियमयुक्त थर त्या पेल्यातल्या ढेकळासारखा विरघळत जातो, जमिनीच्या पोटात बोगदा तयार होतो आणि मग एके दिवशी वरचे छत खाली बसते. काठावरच्या शेतात असे दोन खड्डे आम्हाला दिसले, एकात बाभळीचे उभे झाड तसेच खाली गेले होते. सोबतच्या गुराख्याने काठापासून दहा पावले आत राहूनच चालायला सांगितले, आणि ही सूचना कुणीही हसण्यावारी नेऊ नये.

दहीहंड्याच्या बाजूला दुपारी एका घरी जेवलो. ज्वारीची भाकरी, मुगवड्यांची रस्साभाजी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि वर कांदा. मुगवड्या कुकरमध्ये शिजवल्या का, असे पत्नीने विचारले तेव्हा घरातल्या काकू म्हणाल्या, की प्रश्न कुकरचा नाही, पाण्याचा आहे. विहिरीच्या पाण्यात डाळ दिवसभर उकळली तरी दाणा दाणाच राहतो. स्वयंपाकाला नळाचे आणि प्यायला आरओच्या कॅनचे पाणी. हौस म्हणून मी विहिरीच्या पाण्याचा चहा करायला लावला. दूध फाटले नाही, पण चहात कुणी चिमूटभर मीठ आणि थोडा सोडा टाकावा तशी चव आली, आणि घरातली मुले माझ्याकडे पाहून खुदखुदत राहिली.

याच परिसरात पूर्वी खाऱ्या विहिरींचे पाणी आटवून मीठ काढत असत, आणि इंग्रजांच्या अमदानीत तो धंदा बंद पडला. त्या विहिरींची जागा दाखवायला कुणी नव्हते. गावातल्या एका आजोबांनी हाताने दिशा दाखवली तिकडे आता तुरीचे शेत उभे होते.

इथे पिण्याच्या पाण्यावर बोलणे निघाले, की ते मूत्रपिंडाच्या दुखण्यावर येऊन थांबते. बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूर, जळगाव जामोदकडील आजारी नातेवाइकांची नावे लोक बोटांवर मोजतात. आरओ यंत्राने निदान पिण्यापुरता प्रश्न सुटला असला, तरी यंत्रातून बाहेर पडणारे अधिक खारे पाणी गावाबाहेरच्या नाल्यात सोडलेले मी दोन ठिकाणी पाहिले, आणि तो नाला पुढे कुणाच्या तरी शेतातूनच जात होता.

शनिवार आणि रविवार : दर्यापूर तालुका

सासुरवाडीला पोहोचलो तेव्हा मेहुणे शेतातच होते. डिसेंबरातला हा भाग देखणा असतो. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, फुटून पांढरी झालेली, तूर शेंगांनी वाकलेली, आणि मूग-उडदाच्या रिकाम्या वावरात हरभरा गुडघ्याखाली हिरवागार. संध्याकाळी ओल्या तुरीच्या दाण्यांचा सोलेभात झाला. वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांना एवढेच सांगतो, की या भातासाठी डिसेंबर-जानेवारीतच यावे लागते आणि त्यासाठी आलेले कुणी पस्तावत नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मेहुण्यांनी शेत दाखवायला नेले. हरभऱ्याच्या शेतात पाय ठेवला तर वर मऊ माती आणि तिच्याखाली हात जाईल एवढ्या भेगा. मेहुण्यांनी कापसाची वाळलेली काडी एका भेगेत सोडली, ती पूर्ण आत गेली. पावसाळ्याच्या सुरुवातीला पाणी याच भेगांतून आत जाते, आणि माती फुगून भेगा बंद झाल्या, की त्यानंतर पडणारा पाऊस वरच साचतो नाहीतर वाहून जातो. म्हणून वर्षातला एक आठवडा फार मोलाचा असतो. पाऊस उघडल्यावर माती इतकी चिकट असते, की वखर चालत नाही, आणि चार दिवस कडक ऊन पडले, की ती इतकी टणक होते, की वखर शिरत नाही. या दोहोंच्या मधला वाफसा इतर काळ्या जमिनीत आठ-दहा दिवस टिकतो, तर इथे दोन-तीन दिवसांत हातातून निघून जातो. मजूर मिळाले नाहीत म्हणून तेवढे दिवस चुकले, तर पेरणीवर पपडी धरते आणि उगवलेला कोंब खालीच गुदमरतो. दुबार पेरणीची जी बातमी आपण शहरात वाचतो, तिच्यामागे पाऊस नसणे हे एकच कारण नसते.

बांधावर भेटलेले शेजारचे काका ऐंशीच्या घरातले होते. जवाईबापू माती पाहायला आले, याचे त्यांना मनापासून हसू आले. पण नंतर तेच सर्वांत जास्त बोलले. “हे जमीन अशी हाय जवाईबापू, पानी पाजलं त मरते, नाई पाजलं त फाटते.” त्यांनी पलीकडचे एक शेत दाखवले. त्या शेतमालकाने काही वर्षांपूर्वी कूपनलिका घेतली होती. “पहिल्या साली पऱ्हाटी मानसाएवढी झाली. सारं गाव पाह्याले गेलं. चवथ्या साली सरकी उगवलीच नाई.” आम्ही त्या शेतातून चालून आलो. वखरलेली जमीन नसून जुना शेणसडा वाळून तडकावा तशी ती दिसत होती, आणि डबक्याच्या कडेला काळसर तेलकट थर होता. चोपण जमिनीत सामू वाढला, की मातीतला सेंद्रिय अंश विरघळून वर येतो, त्याचा हा रंग. अशा जमिनीला जुन्या इंग्रजी लिखाणात काळी अल्कली का म्हणत, ते पाहिल्यावर कळते.

या भागातील भूजलात नुसते मीठ नसते, बायकार्बोनेटही भरपूर असते. असे पाणी शेताला दिले, की ते मातीत उरलेल्या कॅल्शियमचाही चुना करून टाकते आणि सोडियमचे पारडे आणखी जड होते. म्हणून पाण्याच्या तपासणीत केवळ क्षार पाहून भागत नाही. शिल्लक सोडियम कार्बोनेट किती आहे ते पाहावे लागते, आणि तो आकडा २.५ मिलिइक्विव्हॅलंट प्रतिलिटरच्या वर असेल तर ते पाणी या जमिनीला देऊ नये असा सर्वसाधारण दंडक आहे. कूपनलिका खोदणारी गाडी गावात यायला एक फोन पुरतो. पाण्याचा हा आकडा काढून आणा असे ती गाडी कधी सांगत नाही.

मेहुण्यांचा मार्ग वेगळा आहे, आणि तो पाहायलाच मुख्यतः आम्ही गेलो होतो. शेताच्या खालच्या कोपऱ्यात ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल असे शेततळे आहे. राज्याच्या दुसऱ्या भागांत शेततळ्याला प्लास्टिकचे अस्तर घालावे लागते, त्याचा खर्च खोदाईपेक्षा जास्त होतो आणि उंदीर-घुशींनी ते फाटते ते वेगळेच. इथे अस्तर लागत नाही. जी माती पाणी जिरू देत नाही म्हणून शेतात पीक रडते, तीच तळ्याच्या तळाशी पाणी राखून ठेवते. डिसेंबरातही तळ्यात पुरुषभर पाणी होते, आणि मी ओंजळीत घेऊन चाखले तर ते गोडे होते, कारण ते सगळे पावसाचे होते. यातून हरभऱ्याला फुलोऱ्यापूर्वी एकदा आणि जमले तर घाटे भरताना एकदा तुषार संचाने पाणी दिले जाते. बस्स, एवढेच. मेहुणे म्हणाले, “भाऊजी, या दोन पाण्यांवर आमचं रब्बी उभं हाय.”

तळ्याबाबत एक गोष्ट मात्र त्यांनी दोनदा बजावून सांगितली, आणि ती तळे खोदू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने ऐकावी. खोदाईतून निघालेली माती फुकट मिळाली म्हणून शेतात पसरायची नाही. वरचा फूटभर थर वेगळा काढून शेतात परत टाकायचा आणि खालची माती बांधावरच दाबून बसवायची, कारण जसजसे खोल जावे तसतसे सोडियम वाढत जाते. गावातल्या एका शेतकऱ्याने तीन मीटर खालची पिवळसर माती चांगली दिसते म्हणून अर्ध्या एकरावर पसरली होती. तो तुकडा भर पऱ्हाटीच्या शेतात टकलासारखा ओळखू येत होता.

जमीन सुधारण्याचे बाकीचे उपाय धीम्या गतीचे आहेत. माती परीक्षणानुसार जिप्सम उन्हाळ्याअखेर टाकून वरच्या थरात मिसळायचे, म्हणजे पहिल्या पावसात त्यातील कॅल्शियम विरघळून सोडियमची जागा घेते आणि सुटलेले सोडियम सल्फेटच्या रूपात पाण्याबरोबर निघून जाते. पण ते निघून जायला वाट हवी. उतारानुसार चर काढलेले नसतील तर जिप्समचे पैसे त्याच शेतात पडून राहतात. जूनमध्ये ढैंचा किंवा बोरू हे हिरवळीचे खत पेरून दीड महिन्याने गाडला, की त्याच्या कुजण्यातून जी आम्ले तयार होतात ती मातीतला चुना थोडाथोडा विरघळवतात, म्हणजे जमिनीचेच अडकलेले कॅल्शियम मोकळे होते. रुंद वरंबा-सरीवर पेरले, तर पिकाची मुळे उंचावर राहतात आणि जादा पाणी सरीतून निघते. मेहुण्यांनी या चारही गोष्टी केल्या आहेत, तरी ते जमीन सुधारली असे म्हणत नाहीत. ती बिघडायची थांबली, असे म्हणतात. राज्य शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने चालवलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात खारपाणपट्ट्यातील ९३२ गावे घेतली गेली तेव्हा या भागात शेततळ्यांना आणि तुषार संचांना बळ मिळाले. माझ्या मते या पैशातला सर्वांत शहाणा खर्च तोच होता.

पावसाळ्यात इथे येणाऱ्यांना एक इशारा. काळ्या मातीच्या पांदण रस्त्यावर दुचाकी घालू नये. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये चिखल बसला, की तो काठीने उकरावा लागतो आणि गाडी तोपर्यंत हलत नाही. मे महिना टाळावा, पारा ४५ अंशांवर जातो. आणि कुणाच्याही शेतात जाताना हाक मारून जावे. वेचणीच्या दिवसांत अनोळखी माणूस पऱ्हाटीत दिसला, की गावात त्याची चौकशी आधी होते आणि पाहुणचार नंतर.

सोमवार : अकोट, वारी

दर्यापूरहून अंजनगाव सुर्जीमार्गे अकोटला जाताना जसजसा सातपुडा जवळ येतो तसतशी शेते बदलतात. संत्र्याच्या बागा दिसू लागतात, मग केळी, आणि अंजनगावाच्या परिसरात पानपिंपळी या औषधी वेलीचे मळे. डोंगरातून आलेल्या भरड गाळाच्या या पायथ्याच्या पट्ट्यात पावसाचे पाणी भराभर खाली उतरते आणि विहिरी गोड्या असतात. पाऊस तोच आहे, डोंगरही तेच; फरक एवढाच, की इथे माती भरड असल्यामुळे पाण्याला वाट आहे. पण पाणी मिळते म्हणून उपसाही बेसुमार आहे, आणि बागाईतदारांच्या तोंडी आता कूपनलिकेच्या खोलीशिवाय दुसरा विषय नसतो.

वारी या गावी मारुतीचे दर्शन घेऊन वान धरण पाहिले. डोंगरातले हे पाणी नळांवाटे खाली खारपाणपट्ट्यात ८४ खेड्यांच्या योजनेतून जाते. परवाच्या सोलेभातातले पाणी कुठले होते ते मला माहीत नाही, पण दहीहंड्याच्या काकूंची डाळ असल्याच पाण्यावर शिजते.

मंगळवार : शेगाव, नांदुरा

तेल्हारा, वरवट बकाल करत पूर्णा पुन्हा ओलांडून शेगावला आलो. गजानन महाराजांच्या संस्थानातली राहण्याची व्यवस्था स्वच्छ आणि स्वस्त आहे, त्यामुळे खारपाणपट्टा पाहायला येणाऱ्यांनी पश्चिमेकडचा मुक्काम इथेच करावा. स्टेशनजवळची कचोरी गरम असतानाच खावी. दुपारी नांदुऱ्याकडे एका ओळखीच्या तरुण शेतकऱ्याकडे गेलो. त्याचे शेत जिगाव प्रकल्पाच्या लाभक्षेत्रात येते. पूर्णेवरचे हे मोठे धरण वर्षानुवर्षे बांधले जात आहे, आणि गावांचे पुनर्वसन, निधी, मुदतवाढ या गोष्टींवर वर्तमानपत्रांतून पुष्कळ लिहून येते. या तरुणाचा प्रश्न मात्र मी कुठे छापलेला पाहिला नव्हता. तो म्हणाला, “पानी येईल तवा येईल काका, पन आलेलं पानी जाईल कुठून, थे कोनी सांगत नाई.”

त्याचा प्रश्न योग्य आहे. धरणाचे पाणी गोडे असले, तरी पाटाने मोकळे सोडले तर या जमिनीत ते खाली उतरणार नाही. ते मुळांशी तुंबेल, ऊन ते वर ओढेल, आणि आज तीन फुटांखाली असलेले सोडियम व क्षार हळूहळू वरच्या थरात येतील. नदीवर अकोला जिल्ह्यातही नेर-धामणासारखे बॅरेज उभे राहिले आहेत, तिथेही हाच मुद्दा आहे. या पट्ट्याला पाणी द्यायचे तर ते नळीतून, मोजून, तुषार किंवा ठिबकनेच द्यावे आणि त्याआधी नाले मोकळे करून निचऱ्याची सोय करावी. कालव्याच्या फलकाचे उद्घाटन होते, निचऱ्याच्या चराचे होत नाही, ही अडचण तांत्रिक नाही.

हा तरुण सरकारी आराखड्याची वाट पाहत बसलेला नाही. त्याने शेजाऱ्यांना बरोबर घेऊन, तीन पिढ्यांत नांगरून बुजवलेला हद्दीवरचा जुना नाला जेसीबीने पुन्हा मोकळा केला होता. त्यासाठी प्रत्येकाची पिकाच्या एका ओळीएवढी जमीन गेली आणि एका भावकीत भांडणही झाले. ओसरीवर त्याने मातीच्या पिशव्या ओळीने मांडल्या होत्या, प्रत्येक जागेच्या तीन : ० ते ३० सेंटिमीटर, ३० ते ६० आणि ६० ते ९०. पाणी यायच्या आधीची जमीन कशी होती याची नोंद आपल्याजवळ असावी, म्हणजे पुढे काही बिघडले तर बोलता येईल, असा त्याचा हिशेब होता. अनुदानाच्या माती परीक्षणात वरचीच पिशवी तपासली जाते. खालच्या दोन पिशव्यांचे पैसे तो स्वतःच्या खिशातून भरणार होता.